रुखसत मंजूर

पेशकार अप्पा बैलांची हजेरी घेतात, हे मी ऐकून होते. पण नव्या सुनेला लोक सासरच्यांबद्दल काहीबाही सांगतात, म्हणून सोडून दिलं होतं. फाल्गुनातल्या एका पहाटे ते डोळ्यांनी पाहिलं तेव्हा डोक्यावरची भाकरीची दुरडी मी दोन्ही हातांनी धरली, नाहीतर ती खालीच यायची.

नुकतं फटफटत होतं. बांधावरच्या बाभळीखाली अप्पा उभे होते. अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेली काळी शेरवानी, डोक्यावर लाल तुर्की टोपी, हातात वही. समोर ओळीनं सहा बायका, दोन बैल आणि एक कुत्रं.

"चंद्रव्वा."

"हाजिर."

"अव्वल."

अव्वल हा डावीकडचा बैल. त्यानं कान हलवला आणि अप्पांनी वहीत खूण केली. उजवीकडच्याचं नाव दोयम, कुत्र्याचं चपराशी. चपराशी ओळीतच झोपला होता, त्याला गैरहाजिर लावलं. मग माझं नाव आलं. चंद्रव्वानं कोपर मारलं. लग्नाला दीड वर्ष झालं तरी चुलत सासऱ्यांसमोर मी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं आणि पहिला शब्द बोलले तो "हाजिर".

शेवटी अप्पा म्हणाले, "गौरव्वा."

अप्पा वाट बघत राहिले. गौरव्वा म्हणजे त्यांची बायको, आणि ती जाऊन चार वर्षं झाली होती. मी दचकून चंद्रव्वाकडं पाहिलं. बायका मात्र निवांत पदर खोचत होत्या. थोड्या वेळानं अप्पांनी तिच्या नावापुढचा रकाना कोराच ठेवला आणि वही मिटली.

त्या वेळी आमचा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. अप्पांनी पंचवीस वर्षं तहसील कचेरीत पेशकारी केली, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवायचे आणि शेरा मारून घ्यायचा. नोकरी संपल्यावर ते गावी आले ते कचेरी बरोबर घेऊनच आले. जमीन चार एकर, कारभार अख्ख्या तालुक्याचा. करडईवर पोपट बसले की अप्पा म्हणत, "बेकायदा दाखल झालेत." पाऊस लांबला की, "प्रकरण वर पडून हाय." जेवताना लोणचं मागितलं तर ते म्हणे तोंडी अर्ज ऐकत नसत. सासूबाईंच्या मते त्यांचं डोकं जरा फिरलेलं होतं. ते पाहिल्यावर माझंही मत फार वेगळं पडलं नाही.

मला तिथं धाडलं होतं सासूबाईंनीच. सासरे वारलेले, यजमान बिदरला नोकरीला, आमचं आणि अप्पांचं शेत बांधाला बांध लागून. दोन्हीकडची करडई वाळली होती नि एकत्रच कापायची होती. ती पहाटे दवात असतानाच कापावी लागते, कारण ओलाव्यानं काटे मऊ पडतात. ऊन चढलं की तेच काटे हातापायांची चाळण करतात. बायका हाताला चिंध्या गुंडाळून कापायच्या. अप्पांना चिंध्यांची गरज नव्हती. त्यांची शेरवानी इतकी जाड होती की काटाच हात टेकून माघारी जायचा.

माझं मन मात्र करडईत नव्हतं. दोन दिवसांपूर्वी उदगीरहून आलेल्या एका गाडीवानानं निरोप आणला होता, की आईनं अंथरूण धरलंय आणि सारखं माझं नाव घेतेय. मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "करडई निघू दे, मग जा." त्यावर सुनेनं काय बोलायचं?

तर कापणी सुरू झाली. चार हात पुढं सरकलो नाही तोच एक बाई विळा ठेवून अप्पांपुढं उभी राहिली. लेकरू किरकिर करायलंय, रजा पायजे म्हणाली. अप्पा म्हणाले, "रुखसत मंजूर." दुसरीचा भाऊ आला होता. "रुखसत मंजूर." तिसरीला बांगड्या भरायच्या होत्या, गावात कासार आला होता. मला वाटलं, आता तरी हा माणूस ओरडेल. अप्पांनी वहीत लिहिलं आणि म्हणाले, "रुखसत मंजूर." पाहता पाहता सगळ्या गेल्या, चंद्रव्वासुद्धा. दव सुकायला लागलेलं, अर्धं रान उभं, आणि कापायला मी आणि शेरवानी घातलेले अप्पा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी घागर उचलली आणि पाण्याच्या निमित्तानं विहिरीकडं निघाले.

विहिरीमागं सहाच्या सहाजणी पाय पसरून बसल्या होत्या. माझ्या दुरडीतल्या भाकरी त्यांच्या पुढ्यात होत्या. मी आ वासून बघत राहिले. कासार नव्हता, भाऊ नव्हता, लेकरूही नव्हतं.

चंद्रव्वा शांतपणे म्हणाली, "बस. कामून तापायलीस? रुखसत दिली की अप्पांना बरं वाटतंय. आमी मागताव, घडीभर बसताव, परत जाताव."

"पण बरं कामून वाटतंय?"

"ते त्यांनाच इचार," ती म्हणाली आणि भाकरीचा तुकडा माझ्या हातात दिला.

परत गेल्यावर अप्पांनी एकीलाही काही विचारलं नाही. प्रत्येकीच्या नावापुढं 'रुजू' लिहिलं आणि वही खिशात ठेवली. मग मात्र त्या बायकांनी असे हात चालवले की मी बघतच राहिले. ऊन तापायच्या आत थोडंसंच रान उरलं.

त्या उरलेल्या रानात माझ्या तळहातात काटा मोडला. मी मटकन खाली बसले आणि रडायला लागले. काट्यानं कुणी एवढं रडत नाही, हे अप्पांना कळलं असावं. ते जवळ येऊन विचारू लागले, आणि मीही सगळी लाज सोडून बोलले.

"अप्पा, मला रुखसत पायजे. आई आजारी हाय. सासूबाई म्हणाल्या, करडई निघाल्यावर जा."

अप्पांच्या हातातला विळा खाली पडला. ते तिथंच ढेकळावर बसले.

"गौरव्वाची आई अशीच पडून होती, मन्नाएखेळ्ळीला," ते म्हणाले. "चार दिस जाऊन येते म्हणली. मी म्हणलो, तोंडी चालत न्हाई, अर्ज आण. मास्तरकडनं लिहून आणली बिचारी. त्याच्यावर मी लिवलो, करडई निघाल्यावर पेश व्हावे. गंमत म्हणून लिवलो."

"मग?"

"करडई निघायच्या आधी आई गेली. गौरव्वा त्याच्यानंतर अकरा वर्षं जगली. पुन्हा कदी काहीच मागितली न्हाई. मीठसुदा न्हाई."

माझं रडणं जागच्या जागी थांबलं. या माणसाला मी सकाळपासून वेडा म्हणत होते, त्याची मला शरम वाटली.

अप्पा उठले आणि मला घेऊन थेट आमच्या दारात आले. सासूबाई लगबगीनं दाराआड झाल्या. थोरल्या दिरांनी धाकट्या भावजयीपुढं असं येऊन उभं राहण्याची आमच्यात रीत नव्हती. त्यावर अप्पांनी जे केलं, ते बघून गल्लीतली माणसं जागच्या जागी उभी राहिली. त्यांनी टोपी काढून काखेत धरली, हात जोडले आणि उंबऱ्याकडं बघत म्हणाले, "एक दरख्वास्त हाय. तोंडी हाय, माफी असावी. महानंदाला आजच माहेराला सोडावं."

दाराआडून सासूबाईंचा आवाज आला, "न्यावं की. मी कुठं अडवलेय?" आणि जरा थांबून, "पर करडई?"

"करडई तिचं ती बघंल," अप्पा म्हणाले.

कापलेल्या करडईचे ढीग रानात तसेच टाकून अव्वल आणि दोयम गाडीला जुंपले गेले. चपराशी वेशीपर्यंत मागं आला. उदगीर येईपर्यंत अप्पा बैलांना घाई करत राहिले.

मी पोचले तेव्हा आई मला ओळखत होती. त्यानंतर ती नऊ दिवस होती. तिचे केस विंचरायला, तिला पेज भरवायला आणि तिच्याशी भांडायलासुद्धा मला नऊ दिवस मिळाले. आयुष्यात मला पुष्कळ काही मिळालं, पण त्या नऊ दिवसांवर मी ते सगळं ओवाळून टाकीन.

आईचं सगळं आटोपून मी परत आले तेव्हा खळ्यावर करडई झोडपायची होती. पहाटे अप्पा शेरवानी घालून उभे होते, वही उघडी.

"महानंदा."

"हाजिर."

मग गौरव्वाचं नाव आलं. अप्पा या वेळी थांबले नाहीत. "माहेराला गेलीय," ते आपणच म्हणाले, रकान्यात तसं लिहिलं, आणि वही मिटली.