जावई त्या वेळी खड्ड्यात होते

लिफ्टवाल्याची बायको त्या दुपारी झोपली होती. नुसती झोपली होती, बाकी काहीही केलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण संध्याकाळपर्यंत त्यावर कोणाचाच विश्वास बसला नाही आणि मधे थोडा वेळ तर तिचा स्वतःचाही बसेना.

तिला सातवा महिना होता. एरवी ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची, पण कंबर धरायला लागल्यापासून रजेवर होती आणि तिची आई मदतीला येऊन राहिली होती. आईने आल्या दिवशी स्वयंपाकघरातले डबे आपल्या उंचीच्या फळीवर आणले आणि रात्री आपली उशी घेऊन सरळ मुलीच्या खोलीत शिरली. जावयाची उशी तिने त्याआधीच हॉलमधल्या सोफ्यावर टाकली होती. "अशा दिवसांत जरा लांबच बरं," एवढंच ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

जावई लिफ्ट दुरुस्त करणारा. चालू यंत्राला विनाकारण हात लावायचा नाही, हा त्याच्या धंद्याचा पहिला नियम होता आणि तो त्याने निमूटपणे बायकोलाही लावून टाकला. खरं म्हणजे त्याला डॉक्टरीणबाईंना एक गोष्ट विचारायची होती. प्रत्येक तपासणीला तो ठरवून जायचा, पण शेजारच्याच खुर्चीत सासूबाई पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या असायच्या. त्यामुळे त्याच्या तोंडून ऐन वेळी "लोहाच्या गोळ्या जेवणाआधी की नंतर?" हाच प्रश्न बाहेर पडायचा. बाई दरवेळी "नंतर" म्हणायच्या. त्यांच्या मते हा माणूस प्रेमळ होता, पण डोक्याने थोडा कमी होता.

बायकोला वाटायचं, आपण अशा सुजलो, आता ह्याला कशाला आवडतोय. त्याला वाटायचं, उशी बाहेर गेली तेव्हा ही एक शब्द बोलली नाही, म्हणजे हिलाही तेच हवं असणार. दोघंही एकमेकांची इतकी काळजी घेत होते की बोलायचं राहूनच गेलं होतं.

तर त्या दुपारी तिला स्वप्न पडलं. स्वप्नात नवरा भर दुपारी घरी आला, ग्रीस लागलेल्या कामाच्या कपड्यांतच, आणि धुतलेल्या चादरीवर बसला. ती त्याला हात धू असंही म्हणाली नाही. पुढे जे झालं ते फार छान झालं. इतकं छान की तिच्या शरीराने हे स्वप्न आहे की खरं, याची चौकशी न करताच ते शेवटपर्यंत नेलं. ती दचकून जागी झाली तेव्हा छाती धडधडत होती आणि ओठांवर हसू होतं. मग तिचा हात पोटावर गेला. पोट हवा भरलेल्या फुटबॉलसारखं टणक झालं होतं.

हसू तिथेच संपलं. बाळाला आपण काहीतरी केलं, तेही झोपेत, तेही असल्या कारणाने, या विचाराने तिला रडूच फुटलं.

आई तेव्हाच गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन आली होती. पाण्याचा फिल्टर बदलायला आलेला माणूस नुकताच निघून गेला होता आणि त्याने ओट्यावर सांडलेल्या पाण्याबद्दल ती स्वतःशीच बडबडत होती. रडणं ऐकून ती कपड्यांसकट खोलीत आली.

"काय झालं गं?"

"पोट कडक झालंय."

"काय उचललंस?"

"काही नाही."

"पडलीस? धडकलीस? वाकलीस?"

"अगं नाही आई, झोपले होते."

"झोपून कोणाचं पोट कडक होतं?" असं म्हणून आईने मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मुलगी कानापर्यंत लाल झाली होती. आजाराने माणूस पांढरा पडतो हे आईला ठाऊक होतं. हा लाल रंग तिच्या हिशेबात बसेना.

जावयाचा फोन लागत नव्हता. तो एका कार्यालयाच्या इमारतीत लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरला होता आणि तिथे रेंज नसते. आईने टॅक्सी बोलावली आणि मुलीला प्रसूतीच्या दवाखान्यात घेऊन गेली. वाटेत पोट हळूहळू सैल पडू लागलं होतं, पण दोघींपैकी कोणीच ते मान्य करायला तयार नव्हतं.

दवाखान्यात पडद्यामागच्या पलंगावर तिला झोपवून, पोटाला पट्टा लावून, जाड चष्म्याच्या सिस्टरने प्रश्न सुरू केले. सिस्टरचा आवाज मोठ्या वॉर्डांत घडलेला होता.

"पाणी गेलं?"

"नाही."

"रक्त?"

"नाही."

"काल-आज संबंध आले होते?"

"छे छे!" हे उत्तर पडद्याबाहेरून आईने दिलं. "आमचे जावई हॉलमध्ये झोपतात."

"मावशी, मी पेशंटला विचारतेय," सिस्टर म्हणाली. "हं, बोला तुम्ही."

मुलीने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. इथे खोटं बोललो आणि बाळाला काही झालं तर, या भीतीपुढे लाज हरली. "संबंध असे नाही... पण... शेवटी जे होतं ना, ते झालं. दुपारी. त्यानंतरच पोट कडक झालं."

"अच्छा, ऑर्गॅझम!" सिस्टर म्हणाली. पलीकडच्या पलंगावरची बाई उठून बसली.

पडद्याबाहेर आईला तो शब्द माहीत नव्हता, पण "शेवटी जे होतं ते" याचा अर्थ कळायला तिला शब्दकोश लागत नव्हता. दुपारी? दुपारी तर जावई कामावर. घरात आपण. आपण म्हणजे... मधे कपडे आणायला गच्चीवर गेलो होतो. आणि तेव्हा घरात कोण होतं? फिल्टरवाला होता. आईने जवळची खुर्ची चाचपली आणि बसली. फिल्टरवाला तिला आठवला तो टक्कल पडलेला, गुडघे दुखतात म्हणून स्टूल मागणारा. पण हल्ली कोणाचं काही सांगता येत नाही, असं तिचं मत होतं आणि ते पूर्वीपासून होतं.

तेवढ्यात लिफ्टवाला धावत आला. खड्ड्यातून वर येताच त्याला सासूबाईंचे सगळे मिस्ड कॉल आणि 'दवाखान्यात या' असा मेसेज एकदम दिसले होते. तो कामाच्या कपड्यांतच होता आणि कोपरापर्यंत ग्रीस होतं. "कशी आहे? बाळ कसं आहे?"

"ठोके छान आहेत, डॉक्टर येतायत," सिस्टर पडद्याबाहेर येऊन म्हणाली. मग तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्हीच नवरा का? अहो, भर दुपारी? जरा दम धरवत नाही?"

"कसला दम?"

"आता मीच सांगू कसला?"

सिस्टरने सांगितलं. तेही वॉर्डातल्या आवाजात.

लिफ्टवाला गोंधळला. आयुष्यात त्याच्यावर अनेक आरोप झाले होते, पण न घेतलेल्या सुखाबद्दल बोलणी खायची ही पहिलीच वेळ. "मी? सिस्टर, मी तर सोफ्यावर झोपतो! आणि आज दुपारभर मी खड्ड्यात होतो. थांबा, साहेबांनाच विचारा." अब्रूचा प्रश्न होता, त्यामुळे त्याने तिथल्या तिथे साहेबांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "साहेब, मी दुपारी कुठे होतो ते जरा इथे सांगता का?"

"खड्ड्यात होतास. मी वर बॅटरी धरून उभा होतो," साहेब म्हणाले. "का रे? काय चोरीला गेलं?"

"जेवायच्या सुट्टीत पण कुठे गेलो नाही ना?"

"डबा पण खालीच घेतलास. चमचा पडला म्हणून शिव्या दिल्यास. पण झालंय काय?"

जावयाने विजयी मुद्रेने फोन बंद केला. सासूबाई खुर्चीवरून उठल्या. हा माणूस आपल्या निर्दोषपणाचा एकेक पुरावा देत होता आणि प्रत्येक पुराव्याबरोबर त्यांच्या मुलीचा संसार मोडत होता. काहीतरी करायलाच हवं होतं. त्यांनी जावयाला दंडाला धरून पाण्याच्या कूलरपाशी नेलं.

"जावईबापू, तुम्ही दुपारी घरी आला होतात."

"नाही हो आई."

"नीट आठवा. मी गच्चीवर गेले होते. तेवढ्यात येऊन गेलात."

"अहो, आत्ताच साहेब म्हणाले ना—"

"साहेबांचं काय घेऊन बसलात? बॅटरी वर होती, तुम्ही खाली. अंधारात त्यांना काय दिसतंय!" सासूबाईंचे डोळे भरून आले. "घाईत होतात, कपडेही बदलले नाहीत, तसेच आलात आणि गेलात. मी रागावणार नाही. कोणीच रागावणार नाही. फक्त 'आलो होतो' एवढं म्हणा."

लिफ्टवाल्याने सासूबाईंना रडताना कधी पाहिलं नव्हतं. त्या असं का म्हणतायत हे त्याला कळेना, पण बायको पडद्यामागे, सासू रडतेय, अशा वेळी एखाद्या बाईमाणसाला बरं वाटत असेल तर आपलं काय जातंय, असा विचार त्याने केला. तो सिस्टरपाशी गेला आणि मान खाली घालून म्हणाला, "सिस्टर, आलो होतो. दुपारी. कामाच्या कपड्यांत. चूक झाली."

"मघाशी तर म्हणालात खड्ड्यात होतो!"

"खड्ड्यातून आलो होतो."

पडदा खसकन बाजूला झाला. पोटाचा पट्टा हातात धरून बायको त्याच्याकडे बघत होती, समोर ग्रीसने माखलेल्या कपड्यांत उभ्या असलेल्या नवऱ्याकडे, अगदी स्वप्नातल्यासारख्या.

"तू खरंच आला होतास?" तिने हळूच विचारलं.

"म्हणजे... हो."

"अरे देवा! म्हणजे ते स्वप्न नव्हतं?"

"कुठलं स्वप्न?" नवऱ्याने विचारलं.

"कुठलं स्वप्न?" आईनेही विचारलं.

"चादरीला ग्रीस लागलंय का बघायला हवं," बायको म्हणाली आणि डोकं धरून बसली.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा तिथे एक माणूस न केलेल्या कृत्याची माफी मागत होता, एक बाई आपण झोपलो होतो की जागे होतो ते आठवत होती आणि तिची आई "फिल्टरवाला नाही ना? नक्की नाही ना?" असं पुन्हा पुन्हा विचारत होती. बाईंनी आधी पोट तपासलं, मशीनमधून आलेली कागदाची पट्टी पाहिली, मग सगळ्यांना गप्प बसवून फक्त पेशंटचं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसताना त्यांचे खांदे हलत होते.

"तुम्हाला स्वप्नच पडलं होतं," त्या म्हणाल्या. "या दिवसांत त्या भागात रक्तपुरवठा वाढलेला असतो, त्यामुळे झोपेतही असं होतं. पुष्कळजणींना होतं, सांगत कोणी नाही. नंतर पोट थोडा वेळ कडक होतं आणि आपोआप सैल पडतं. पडलं की नाही?"

"टॅक्सीतच पडलं," ती म्हणाली.

"बाळाला काही होत नाही. ते आत पाण्याच्या पिशवीत मजेत आहे."

तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती पुन्हा रडली, पण हे रडणं वेगळं होतं. नवऱ्याने तिचा हात धरला. ग्रीसचा विचार दोघांनीही केला नाही.

हात धरल्यामुळे असेल किंवा कबुलीजबाब देऊन भीड चेपल्यामुळे असेल, लिफ्टवाल्याने अखेर घसा खाकरला. सासूबाई शेजारीच होत्या. "डॉक्टर, लोहाच्या गोळ्या..." तो म्हणाला, थांबला आणि डोळे मिटून घेतले. "नाही. ते नाही. आम्ही दोघांनी... जागेपणी... चालतं का?"

"चालतं की! हिची वार गर्भाशयाच्या तोंडाशी नाही, रक्त गेलेलं नाही, वेळेआधी कळा येण्याचा त्रास नाही. तिला बरं वाटत असेल आणि इच्छा असेल तर खुशाल. रक्त दिसलं, पाणी गेलं किंवा कळा थांबेनाशा झाल्या तर मात्र लगेच इथे यायचं. पण हे तुम्हाला नाही म्हणून सांगितलं कोणी?"

सासूबाई छताचा पंखा बघत होत्या. पंखा बंद होता.

टॅक्सीत तिघं मागे बसली. मुलगी मधे होती. नवऱ्याने तिच्या कानाशी विचारलं, "स्वप्नात कोण होतं?"

"तूच रे वेड्या. हात न धुता आला होतास."

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं आणि घरी जाईपर्यंत खिडकीबाहेर बघून हसत राहिला.

संध्याकाळी जेवणं लवकर उरकली. आईने आपली उशी मुलीच्या खोलीतून उचलली आणि हॉलमध्ये आणली. सोफ्यावर आडवी झाली तेव्हा तिचे पाय पलीकडच्या हातावरून बाहेर लोंबायला लागले. जावई तिच्यापेक्षा वीतभर उंच होता आणि त्याने आजवर याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. खोलीतून दोघांच्या बोलण्याचा, मग हसण्याचा आवाज आला. आईने उठून टीव्ही लावला, तो थोडा मोठा केला आणि फोन घेऊन गॅलरीत गेली.

"अहो, ऐकता का? तुमचं बरोबर होतं."

पलीकडे सासरेबुवा एकटेच जेवायला बसले होते. लग्न झाल्यापासून हे वाक्य त्यांच्या कानांवर पडलं नव्हतं, त्यामुळे ते घाबरले. "कोणाचं काय झालं? पोरगी बरी आहे ना?"

"सगळे बरे आहेत. तुमचं बरोबर होतं, एवढंच सांगायचं होतं."

"कशाबद्दल? कपाटाबद्दल?"

"नाही."

"मग टाकीच्या गळतीचं? मी तेव्हाच म्हटलं होतं, प्लंबर—"

"टाकी नाही हो!" आई चिडली, मग आवाज उतरला. "ही पोटात होती तेव्हा मी तुम्हाला गॅलरीत झोपायला लावलं होतं. सगळे महिने. तुम्ही म्हणत होता काही होत नाही म्हणून." तिने गॅलरीचं दार मागे लोटून घेतलं. "तिथे थंडी वाजायची का हो?"

पलीकडे घास चावायचा आवाज थांबला होता.

"वाजायची," ते म्हणाले.