राहून गेलेली विरळणी

सकाळचा उजेड शाळेच्या शेवटच्या खोलीत शिरताना कधी घाई करत नसे. आधी तो खिडकीच्या गजांवर रेंगाळे, मग फळ्याखालच्या खडूच्या भुकटीला किंचित सोनेरी करून फरशीवर उतरे, आणि सरतेशेवटी भिंतीलगतच्या लांब टेबलावर येऊन टेके. टेबलावर टोमॅटोच्या रोपांचे तीन ट्रे होते. प्रत्येक ट्रेला चाळीस खण. एखादे बी रुसले तरी खण रिकामा राहू नये, म्हणून शेतीच्या सरांनी खणागणिक दोन बिया टाकायला लावल्या होत्या. रुसले एकही नाही. दोनशे चाळीस कोवळ्या देठांतून उजेड आरपार जाई, तेव्हा सरांना वाटे, आपल्या हातून पूर्णपणे बरोबर घडलेली ही पहिलीच गोष्ट.

पुस्तकात पुढची पायरी स्पष्ट होती. विरळणी: प्रत्येक खणातले एक रोप उपटणे. सरांनी तो परिच्छेद नववीला स्वतः उतरवून दिला होता, वळणदार अक्षरात. पण पहिले देठ चिमटीत धरले आणि त्यांचा हात थबकला. दोघांतले कोणते?

"सोमवारी करू," ते वर्गाला म्हणाले. त्या वाक्यावरून तीन सोमवार उलटले.

शाळेची रीत अशी, की शेतीच्या वर्गाने पिकवायचे आणि व्यापाराच्या वर्गाने विकायचे. मुख्याध्यापिकांनी बजावले होते, की यंदाची विक्री फसली तर पुढच्या वर्षी शेतीचा तास बंद, आणि या खोलीत मोडकी बाके. सरांना दुसरे काही शिकवता येत नव्हते, आणि दुसरीकडे कुठे उभे राहावे हेही सुचत नव्हते.

व्यापाराच्या बाई वही घेऊन आल्या. "सर, ऑर्डरी एकशेवीसच्याच घेऊ ना?"

"आहेत तशी दोनशे चाळीस."

"सगळी जगतील?"

सरांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्यांचे त्यांनाही ठाऊक नव्हते. बाईंनी होकार धरला आणि त्यांच्या वर्गाने दोन दिवसांत दोनशे चाळीस रोपांच्या ऑर्डरी आणल्या.

त्याच आठवड्यात शाळेची मांजर तिसऱ्या ट्रेवर दुपारभर झोपली. ती अंग ताणून उठली तेव्हा बहुतेक खणांत कसेबसे एकेक रोप उभे होते, काहींत तेही नव्हते. सरांनी मांजरीला हुसकावले नाही. ते नुसते तिच्याकडे पाहत राहिले. मग तो ट्रे त्यांनी मागच्या नळाजवळ ठेवून दिला. त्याच्याकडे बघवत नव्हते.

उरलेल्या दोन ट्रेमधली रोपे एकमेकांना ढकलत खिडकीकडे झुकू लागली. सरांनी ट्रे फिरवले. दोन दिवसांत रोपे पुन्हा खिडकीकडे. देठ सुतासारखे, पाने फिकट. सर त्यांना 'नाजूक' म्हणत.

विक्रीच्या आदल्या दिवशी जोड्या सोडवायची वेळ आली. मुळे इतकी गुंतली होती, की एकाला ओढले की दुसरे कळवळून बरोबर यायचे. शिक्षकांच्या खोलीतले चहाचे कागदी पेले पहिल्या ट्रेलाच संपले, आणि शिक्षक प्रयोगशाळेच्या चंचुपात्रांतून चहा पिऊ लागले. पेल्यांत एकही रोप उभे राहीना, म्हणून प्रत्येकाला पेन्सिलीचा टेकू दिला. शाळेतल्या पेन्सिली संपल्या. भूमितीची चाचणी तोंडी झाली.

विक्रीच्या सकाळी पालक रांगेने आले. पहिल्या गृहस्थांनी पेला उचलून डोळ्यांजवळ नेला.

"पेन्सिल बरी आहे," ते म्हणाले. "बाजूला हिरवं काय आहे?"

रांग पांगू लागली. व्यापाराच्या बाई वहीत मान खुपसून राहिल्या, आणि व्हरांड्यातून मुख्याध्यापिका येताना दिसल्या. एवढ्यात मागच्या दाराने शिपाईमामा डोक्यावर ट्रे घेऊन आले.

"सर, हा नळाजवळ राहिलेला. मी आपलं रोज पाणी मारत होतो. टाकायचा नव्हता ना?"

ट्रेमध्ये तेहतीस रोपे होती. बुटकी, गर्द हिरवी, पेन्सिलीएवढ्या जाड देठांची. रांग पुन्हा जुळली. रोपे पाहता पाहता संपली, आणि उरलेल्या पालकांना बाईंच्या वर्गाने पुढच्या पेरणीची तारीख दिली.

मुख्याध्यापिकांनी रिकामा ट्रे उचलून पाहिला. "ही कोणी वाढवली?"

नववीतली एक मुलगी म्हणाली, "मांजरीने, बाई." आणि तिने सगळी हकिगत सांगितली.

मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. "मग सर, पुढच्या वर्षी शेतीचा तास कुणाला देऊ? तुम्हाला की तिला?"

सरांनी टेबलाकडे पाहिले. "मला द्या," ते म्हणाले. "पण आधी एक काम राहिलंय."

टेबलावर दुसरा ट्रे तसाच होता. पेले न पुरल्यामुळे त्यातल्या जोड्या सुटल्याच नव्हत्या. सगळा वर्ग भोवती उभा राहिला. मुख्याध्यापिकाही थांबल्या. सरांनी पहिल्या खणात चिमटी घातली आणि कोणते ते न पाहता एक रोप उपटले. उरलेले थोडे डगमगले, मग उभे राहिले. सर दुसऱ्या खणाकडे वळले.

"सर, फळ्यावर लिहू?" त्या मुलीने हळूच विचारले.

सरांनी मान हलवली. या वेळी ती होकाराचीच होती.

तिने लिहिले: एका खणात दोन रोपे वाढत नाहीत.