पिकअपला थंड हवा मानवते

आमच्या पिकअपला नीट श्वास घेता येत नाही, असं निदान मी मे महिन्यात केलं आणि त्याच दिवशी घरात जाहीरही केलं. निदान करून गप्प बसले असते, तर आज मुंब्रा बायपासवरचे चहावाले मला नावाने ओळखत नसते.

कोपरला आमचा गाद्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, कापूस पिंजायचं मशीन, शिवायला बसलेली माणसं आणि त्या सगळ्यांच्या मधोमध उभी असलेली पिकअप. आमची गादी फोमची नसते, कापसाची असते. एक उचलली की आमच्या घरातल्या सगळ्या पुरुषांची कंबर का दुखते ते कळतं. अशा गाद्या भरल्या की पिकअप चढणीवर इतकी हळू चालायची की एकदा शेजारून पायी जाणाऱ्या आजोबांनी खिडकीत वाकून विचारलं, ‘बाळा, पत्ता शोधतेयस का?’

चांगदेव काकांनी, म्हणजे पप्पांच्या मोठ्या भावाने, यावर उपाय शोधला होता. पिकअप विकायची, डिलिव्हरीला भाड्याचा टेम्पो लावायचा आणि पायलने (पायल म्हणजे मी) बँकेच्या परीक्षेला बसायचं. पिकअपचा आणि बँकेचा संबंध काय, असं मी विचारलं. काका म्हणाले, ‘पिकअप गेली की तुला वेळ मिळेल.’ आमच्याकडे मोठी माणसं अशी एका दगडात दोन पक्षी मारतात आणि दोन्ही पक्षी म्हणजे मीच असते.

मी फिजिक्सची पदवीधर आहे. डिलिव्हरीचा धंदा मला स्वतः चालवायचा आहे. त्यामुळे मी इंटरनेटवर अभ्यास केला (सलग दोन व्हिडिओ) आणि पप्पा-काकांना समोर बसवून समजावलं.

‘हवा थंड असली की दाट असते. दाट हवेत ऑक्सिजन जास्त. ऑक्सिजन जास्त म्हणजे डिझेल नीट जळतं. डिझेल नीट जळलं की पॉवर वाढते. म्हणून आपण कोल्ड एअर इनटेक बसवायचा. कळलं?’

‘कळलं,’ काका म्हणाले. ‘थंड हवा कुठनं आणणार?’

‘बाहेरून.’

‘बाहेर लोक छत्री घेऊन फिरतायत उन्हाची. कोपरमध्ये थंड हवा फक्त एटीएममध्ये असते.’

‘इंजिनच्या मानाने ती थंडच आहे, काका.’

‘इंजिनच्या मानाने तुझी मम्मीपण थंड आहे,’ पप्पा म्हणाले. मग दरवाजाकडे बघून त्यांनी आवाज खाली घेतला. ‘तिला कुठे बसवू?’

विज्ञानाला विरोध नेहमी घरातूनच होतो.

मी गाडी घेऊन विठ्ठलवाडीला गेले. तिथे संदेश नावाच्या मुलाचं गाड्या सजवायचं दुकान आहे. काका लक्ष ठेवायला सोबत आले. संदेशने बॉनेट उघडून कंपनीचा फिल्टरचा डबा काढला. आतून एवढा कापूस निघाला की संदेश दोन पावलं मागे सरला.

‘बघा!’ मी काकांना म्हटलं. ‘गाडी गुदमरत होती.’

‘मग झटक आणि परत लाव.’

‘झटक आणि परत लाव, यानेच देश मागे राहिला,’ मी म्हटलं आणि संदेशला काम चालू ठेवायला सांगितलं.

त्याने डब्याच्या जागी चकचकीत पाइप बसवला आणि त्याच्या टोकाला लाल रंगाचा, जाळीचा एक उघडा शंकू. दिसायला फारच सुंदर होता तो. इंजिनचा बाकी भाग त्याच्या शेजारी लाजल्यासारखा वाटत होता. काकांनी शंकूजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला.

‘ही थंड हवा? इथे भाकरी भाजेल.’

‘काका, गाडी पळायला लागली की होते थंड,’ संदेश म्हणाला. ‘ताई, तुम्ही रेस द्या. आवाज ऐका. आवाजच सांगतो पॉवर.’

मी रेस दिली. ‘सूंऽऽऽ’ असा आवाज आला. एखादा राक्षस गरम चहा फुरकतोय तसा. अख्ख्या गल्लीने वळून बघितलं. काका काहीतरी बोलत होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते, पण मला एक शब्द ऐकू आला नाही. पहिल्याच मिनिटाला एवढा फायदा दिसल्यावर मी शंका कशाला घेऊ?

घरी आल्यावर काकांनी अट घातली. ठाण्याला, खोपटला मुलींचं नवीन हॉस्टेल सुरू होणार होतं. गाद्यांची ऑर्डर आमच्याकडे होती आणि मुली संध्याकाळी राहायला येणार होत्या.

‘ही डिलिव्हरी पोरी यायच्या आत पोचली, तर गाडी ठेवू. चालव तूच. नाही पोचली, तर गाडी विकली आणि तू बँकेत.’

‘मंजूर.’

‘माणकोलीच्या पुलावरून जा. सपाट रस्ता आहे.’

‘मुंब्रा बायपासवरून जाणार.’

‘का?’

‘तिथे चढ आहे.’

काकांनी पप्पांकडे बघितलं. पप्पांनी छताकडे बघितलं.

सकाळी गाद्या भरल्या. केबिनच्या वर अजून एक केबिन होईल एवढा ढीग झाला. काका दोर बांधायला पुढे आले. काका दोर बांधतात म्हणजे सोहळा असतो. एक वेढा, मग पाय देऊन ताण, मग पाणी पिणं, मग दुसरा वेढा. माझ्याकडे एवढा वेळ नव्हता. मी कॉलेजच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये शिकलेली गाठ मारली.

‘ही कसली गाठ?’

‘आधुनिक. सोडवताना त्रास नाही. एक झटका दिला की सुटते.’

‘आणि झटका नाही दिला तर?’

मी केबिनमध्ये जाऊन बसले. काही प्रश्न फक्त वेळ घालवायला विचारलेले असतात.

पप्पा नेहमीप्रमाणे मागे, गाद्यांवर बसले. मागच्या माणसासाठी आमच्याकडे ठरलेली पद्धत आहे. केबिनच्या टपावर एक थाप मारली की थांब, दोन मारल्या की चल. पप्पांनी दोन मारल्या, आम्ही निघालो.

शिळफाट्यापर्यंत विशेष काही घडलं नाही. बायपासचा चढ सुरू झाला तेव्हा मी गिअर खाली घेतला आणि पाय दाबला. ‘सूंऽऽऽ!’ गाडीने एक जोराचा झटका घेतला आणि चढायला लागली. आधी जडच होती, खोटं कशाला सांगू. पण थोडं वर गेल्यावर मला फरक जाणवला. आणखी वर गेल्यावर आणखी फरक जाणवला. इंजिन जसजसं थंड हवा पीत होतं तसतशी गाडी मोकळी होत होती. हे सगळं व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं होतं त्याच्याही वरचं होतं.

फोन वाजला. पप्पा. मी कट केला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हा नियम मी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ओरडून शिकवलाय. परत वाजला, परत कट केला. मागे बसून चालकाला फोन करणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? पिढीचा प्रश्न आहे.

निघाल्यापासून दोन्ही आरशांत मला गाद्यांचं फुलाफुलांचं कापडच दिसत होतं, कारण ढीग दोन्ही बाजूंनी बाहेर आला होता. चढाच्या मध्यावर उजव्या आरशात डोंगर दिसायला लागला. मला वाटलं, आपण उंचावर आलो. मग डाव्या आरशातही डोंगर दिसला. फार प्रसन्न वाटलं.

त्यानंतर त्या ‘सूं’मधून मला थापा ऐकू आल्या. पुसटशा, पण एक नाही, दोन नाही, सलग. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. इतक्यांचा अर्थ आमच्या पद्धतीत नव्हता. मी विचार केला आणि एकच शक्यता उरली. पप्पा टाळ्या वाजवत होते.

मला भरून आलं. बारावीच्या निकालालाही वाजवल्या नव्हत्या त्यांनी. मी त्यांच्यासाठी आणखी रेस दिली.

माथ्यावर पोचेपर्यंत आमची पिकअप एका कारच्या पुढे निघून गेली होती. कारवाला काच खाली करून मागे बोट दाखवत होता. मी अंगठा दाखवला.

खोपटला हॉस्टेलच्या दारात गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि उडी मारून खाली उतरले. वॉर्डन नंदा मॅडम पायऱ्यांवर उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मी मागे गेले.

मागे पप्पा होते. एका गादीवर पालथे झोपून त्यांनी ती दोन्ही हातांनी आणि दोन्ही पायांनी धरली होती. केसांत कापूस होता. दुसरी गादी नव्हती.

‘पप्पा, बाकीच्या?’

‘थापा मारल्या,’ पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. ‘फोन केला. हाका मारल्या. शेवटी तुझ्या आजीचं नाव घेऊन ओरडलो.’

‘मला वाटलं टाळ्या वाजवताय.’

पप्पांनी गादीवरून मान वर केली. ‘कशाबद्दल?’ त्यांनी विचारलं.

नंदा मॅडम खाली आल्या. ‘ही डिलिव्हरी आहे?’

‘येतेय,’ मी म्हटलं.

‘कशी?’

‘टप्प्याटप्प्याने,’ पप्पा म्हणाले.

कोणाला काही लागलं नाही, हे इथेच सांगून टाकते. मागची वाहनं माझ्या जुन्या पिकअपच्याच वेगाने चढत होती, आणि गादी पडून कोणाला लागत नाही. आमच्या धंद्याचा हा फायदा तोपर्यंत कोणाच्या लक्षात आला नव्हता. शिवाय प्रत्येक गादीवर आमचा शिक्का आणि फोन नंबर असतो. तो नंबर काकांचा. त्यामुळे मी खोपटला पोचायच्या आधीच काकांना सगळं कळलं होतं, आणि तेही वेगवेगळ्या लोकांकडून. एकाने विचारलं, गादी सापडली आहे, उशा कधी पडणार आहेत?

काकांनी शेजारच्या महेंद्रचा टेम्पो घेतला आणि खालून वर एकेक गादी गोळा करत आले. ट्रॅफिक हवालदाराने काही गाद्या भिंतीला टेकवून रांगेत उभ्या केल्या होत्या. एका गादीवर बंद पडलेल्या ट्रकचा ड्रायव्हर झोपला होता, तो उठेना. महेंद्रने हलवल्यावर म्हणाला, ‘मेकॅनिक आला की उठवा.’ शेवटी काकांनी आणि महेंद्रने त्याला दोन्ही बाजूंनी धरून अलगद रस्त्याकडेला गवतावर ठेवलं.

संध्याकाळी, मुली यायला थोडाच वेळ उरला असताना टेम्पो आला. त्यावर काकांच्या हातचा दोर होता. तो सोडवायला चार जण लागले. आम्ही गाद्या झटकून आत नेल्या. एका गादीवर टायरचा ठसा होता. नंदा मॅडमनी त्यावर बोट ठेवलं.

‘हिच्यावरून गाडी गेलीय?’

‘टेस्ट केलेली आहे,’ काका म्हणाले. ‘बाकीच्यांची राहिली. तुम्हाला हवी तर तीपण करून देऊ.’

मॅडमनी सही केली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात निकाल लागला. डिलिव्हरी वेळेत पोचली होती, हे काकांना नाकारता येईना. ती पिकअपमधून पोचली नव्हती, हे मला नाकारता येईना. पप्पांना दोघांनी साक्षीला बोलावलं. पप्पा म्हणाले, ‘गाडी चढली मात्र छान. जसजशी रिकामी होत गेली तसतशी अजूनच छान.’

काकांनी विचार केला. ‘म्हणजे इंजिनमध्ये दोष नाही. लोडमध्ये आहे. विकायचं कारण नाही.’

मी जिंकले! गाडी राहिली, गाडी माझी. बँक गेली.

खरं सांगायचं तर नंतर मी शास्त्रीय प्रयोगही केला. कंपनीचा डबा झटकला, आत नवा साधा कागदी फिल्टर घातला आणि त्याच चढावर गाडी नेली. मग परत इनटेक लावून नेली. चढण्यात तसूभर फरक पडला नाही. एकच फरक सापडला. जुना डबा असला की शेजारी बसलेल्या मोठ्या माणसांचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं. म्हणून इनटेकच ठेवला. कारखान्यात कापसाच्या मधोमध उभा राहून त्याचा लाल शंकू हल्ली पांढरा दिसतो, एवढंच.

आता धंदा सुरळीत चालू आहे. गाद्या महेंद्रच्या टेम्पोत जातात, कारण लोड कशावर घालायचा ते काका ठरवतात. पिकअप मी चालवते, कारण तसं ठरलंय. मी टेम्पोच्या मागून रिकामी गाडी घेऊन जाते. काही पडलंच तर असावी, असं काका म्हणतात. काकांनी बांधलेलं काही पडत नाही.

परवा बायपासच्या चढावर टेम्पो माझ्यापासून लांब लांब जायला लागला. मी पाय पूर्ण दाबला होता, ‘सूंऽऽऽ’ही पूर्ण चालू होतं, आणि महेंद्रचा जुनाट टेम्पो दिसेनासा झाला. माथ्यावर तो चहा पीत उभा होता. त्याचा दुसरा ग्लास होता.

‘महेंद्रदादा, खरं सांग,’ मी म्हटलं, ‘काय घातलंयस गाडीत?’

त्याने वळून टेम्पोकडे नीट बघितलं.

‘गाद्या,’ तो म्हणाला. ‘तुमच्याच.’