कोरड्या फाल्गुनांत भिंतीस पाणी मुरलें त्याची हकीकत

श्रीवास्तुदेवता प्रसन्न. जिच्या कृपेनें छप्पर डोक्यावर राहतें आणि फरशी पायांखालीं, तिला आधीं दंडवत, मग राजास, मग गवंड्यास. शके सोळाशें अठ्ठ्याऐंशीं, व्ययनाम संवत्सर, नांवाप्रमाणेंच चाललेलें, फाल्गुन मास, आकाशांत ढग म्हणून औषधास नाहीं, ऐसे समयीं एका राज्याच्या राजमहालांत भिंतीस ओल आली, तिचा वृत्तांत येणेंप्रमाणें. राज्याचें नांव लिहीत नाहीं, कारण आसपासचीं राज्यें सगळीं अशींच आहेत, आणि उगीच प्रत्येकास वाटावयाचें कीं हें आपल्यावरच लिहिलें.

गादीवर राजे सुभानराव महाराज होते. मन उदार, हात सढळ, परंतु नजर सदा दुसऱ्याच्या डोंगरावर. राहत्या महालाचें दार कुरकुरलें तर म्हणत, "असूं दे, कोण आलें तें कळतें". आणि कोठें नवा गड विक्रीस निघाल्याचें कानीं आलें कीं जेवण सोडून उठत. त्यांच्या राणी मैनाबाईसाहेब चार शास्त्रें पढलेल्या, आणि पहिलटकरीण, म्हणोन पांचवें शास्त्र भीतीचें, तें आपोआप पढल्या होत्या. पडदा हालला तर आधीं पाळण्याकडे पाहत, मग पडद्याकडे. पाळण्यांत राजकन्या आक्कासाहेब, वय रांगण्याचें, दांत वर दोन आणि खालीं दोन, परंतु मुलूखगिरीची हौस मोठी. दररोज गुडघ्यांवर स्वारी निघे, वाटेंत उशी आली तर उशीचा मोड करीत आणि खुळखुळा सांपडला तर तो कैद करून तोंडांत घालीत. ऐसें सर्व सुखरूप चाललें असतां एके दिवशीं राणीसाहेबांस पाळण्यामागील भिंतीवर पोळीएवढा डाग दिसला. बोट लाविलें, तों गार. नाकाशीं नेलें, तों वास भिजल्या घोंगड्याचा. मग डाग ताटाएवढा झाला, मग पाटाएवढा, आणि आक्कासाहेबांस खोकला लागला. खोकला म्हणतां राणीसाहेब तशाच पदर सांवरीत, कन्येस कडेवर घेवोन, भर दरबारांत आल्या.

तेथें ते वेळीं दलाल फुलाजीशेट नव्या गडाचें चित्र घेऊन उभे होते. चित्र पुरुषभर उंच, लांकडी चौकटीवर कापड ताणलेलें, त्यांत गड, गडावर तळें, तळ्याकांठीं मोर, आणि मोराहून अधिक आनंदी अशी रयत. पाडव्याच्या मुहूर्तावर सौद्यास मोहोर करावयाची, खजिना सगळा त्यांत गुंतवावयाचा, ऐसा महाराजांचा बेत पक्का होता. राणीसाहेबांनीं चित्र पाहिलें आणि विचारिलें, "शेट, हें तळें कोणत्या अंगास?"

"तळें तूर्त चित्रांत आहे, बाईसाहेब. गडावर त्याची जागा राखून ठेविली आहे."

"आणि भर पावसांत गड दाखवाल काय?"

"पावसांत वाट बंद असते."

"शेजार कसा?"

"शेजार उत्तम! अद्यापि कोणी जन्मलाच नाहीं."

महाराज हंसून म्हणाले, "राणीसाहेब, तुम्हांस शंकाच फार. गडाचे भाव चढतात, उतरत नाहींत. आक्काच्या लग्नापर्यंत हाच गड चौपट होईल." तेव्हां राणीसाहेब म्हणाल्या, "लग्नाचें लग्नाच्या वेळीं पाहूं. आज तिला खोकला आहे. महाराज, माझें एक ऐका, आपल्या महालांत कोठें तरी पाणी मुरतें आहे." हें वाक्य ऐकतां सगळा दरबार एकमेकांकडे संशयानें पाहूं लागला. भालदारानें भाला घट्ट धरिला, फुलाजीशेटांनीं चित्रामागें अंग चोरिलें, आणि महाराज गादीवरून अर्धे उठोन म्हणाले, "कोण आहे तो?"

"कोण काय? पाणी!"

"पाणी तर मुरतेंच आहे, राणीसाहेब, मुरवितो कोण तें सांगा."

राणीसाहेब भिंत म्हणत होत्या आणि दरबार फितुरी समजत होता. मग महाराजांनीं समशेरीवर हात ठेवून शपथ वाहिली कीं, "जो कोणी आमच्या महालांत पाणी मुरवीत असेल, तो कोणीही असो, त्यानें आपल्या हातानें तें काढावें, आणि तोंवर या राज्यानें नवी वीट म्हणून घेऊं नये!" दरबारानें जयजयकार केला, आणि दिवाण अंतोपंत तपासास लागले.

अंतोपंतांचा तपास म्हणजे भयंकर. त्यांनीं कोणास कांहीं विचारावें न लागे, नुसतें समोर बसवून "कोठें तरी पाणी मुरतें आहे" एवढें म्हणत आणि मिशीस पीळ देत, आणि समोरचा मनुष्य आपण होऊन बोलूं लागे. आचाऱ्यानें कबूल केलें कीं दिवाळीच्या चकल्या बिघडल्या नव्हत्या, लपविल्या होत्या. हत्तीखान्याचा दरोगा रडूं लागला कीं हत्तीच्या उंसांतला ऊंस मीही खातों, परंतु हत्तीस विचारून. राजज्योतिषी म्हणाले, मला मंगळ आणि तांबूस दिवा यांतला फरक दुरून कळत नाहीं. शेवटीं दिवाणांनीं स्वतःची जबानी स्वतःच घेतली, आणि स्वतःस समज देऊन सोडून दिलें. इकडे डाग छताकडे चालला, आणि राणीसाहेबांनीं दिवाणांस गांठून म्हटलें, "अंतोपंत, अहो, भिंतींत पाणी आहे! खरोखरीचें पाणी!"

"पिण्याचें कीं वापरण्याचें, बाईसाहेब?"

"ओलें! ओलें पाणी!"

तेव्हां दिवाणांनीं भिंतीवर दोन भालदारांचा पहारा बसविला, डागानें हालूं नये म्हणोन. डाग दोघांच्या देखत हातभर वर सरकला आणि भालदारांनीं त्यास मुजरा केला. मग दरबारची मसलत पडली कीं राजमहालास डाग शोभत नाहीं, वर कांहीं तरी टांगावें. राणीसाहेब ओरडून सांगत होत्या कीं झांकूं नका, झांकल्यानें ओल आंतल्या आंत पसरते, आधीं मूळ शोधा. परंतु मसलत म्हणजे मसलत. महाराजांचे तीर्थरूप थोरले महाराज, कैलासवासी, यांचें भलें थोरलें चित्र वजनदार चौकटीसह त्या जागीं चढविलें, आणि पाळणा मानाच्या जागीं, म्हणजे बरोबर त्याखालीं, असावा ऐसा हुकूम झाला. राणीसाहेबांनीं पाळणा ओढून खोलीच्या मध्यावर आणावा आणि हुजऱ्यांनीं तो मानाच्या जागीं परत न्यावा, ऐसें युद्ध रोज चाले. शेवटीं राणीसाहेबांनीं पाळणा त्यांस दिला आणि कन्या आपल्याजवळ ठेविली. तों चित्रावर बुरशी धरली, आणि थोरले महाराज, ज्यांस उभ्या जन्मांत दाढी नव्हती, त्यांस हिरवट दाढी फुटली. थोरल्या बाईसाहेब, म्हणजे राणीसाहेबांच्या सासूबाई, दर्शनास आल्या, त्यांनीं चष्म्यावांचून जवळ जाऊन पाहिलें, आणि म्हणाल्या, "संसारांत मी यांना दाढी राखूं दिली नाहीं. बघा, डोळा चुकवून शेवटीं हौस करून घेतलीच!"

राणीसाहेबांनीं आतां दरबाराची आशा सोडिली आणि तपास आपल्या हातीं घेतला. डागाच्या कडेनें कोळशाची रेघ ओढिली, दुसरे दिवशीं ओल रेघेच्या बाहेर. गच्चीवर चढून पन्हाळी पाहिल्या, दोन पिंपळपानें निघालीं, गच्ची ठणठणीत कोरडी. म्हणजे पाणी आभाळाचें नव्हे, घरचेंच. इतक्यांत आक्कासाहेबांची स्वारी भिंतीवर चालून गेली आणि त्यांनीं थाप मारिली: टण. आणखी पुढें रांगून थाप मारिली: टण. चित्राच्या बाजूस जाऊन मारिली: ढब. आक्कासाहेबांस तो आवाज आवडला, परंतु राणीसाहेबांनीं कान टंवकारले. कारण गिलावा विटेला धरून असला तर टण वाजतो, आणि सुटला कीं ढब. त्यांनीं मान वर केली. वरच्या मजल्यावर त्याच जागीं काय होतें, तर महाराजांचें खासगी न्हाणीघर, गेल्या सालीं हौसेनें बांधलेलें, कारंज्यासकट. आणि तेथें महाराजांवांचून कोणास जातां येत नसे. पुरावा नसतां राजास कोण म्हणेल कीं महाराज, पाणी आपलें मुरतें?

मग रंगपंचमी आली. त्या राज्याची चाल ऐसी कीं केशरी रंग फक्त महाराजांनीं खेळावा, इतरांनीं हिरवा, निळा, जो सांपडेल तो. राणीसाहेब त्या दिवशीं बहुत गोड बोलिल्या, "यंदा रंग चांगला दाट करावा, महाराज, आणि नंतर मनसोक्त न्हावें, घाई करूं नये." महाराजांस वाटलें राणीसाहेबांचा राग गेला. ते खुशींत दरबारभर केशरी झाले, आणि मग न्हाणीघरांत जाऊन कारंज्याखालीं नव्या गडाचें स्वप्न पाहत दिवस मावळेतों बसले. राणीसाहेब खालीं भिंतीसमोर बसल्या. त्या दिवशीं कांहीं नाहीं, दुसरे दिवशीं कांहीं नाहीं. आक्कासाहेब खोकत होत्या, पाडवा जवळ येत होता, फुलाजीशेट दररोज चित्रावरची धूळ झाडीत होते, आणि राणीसाहेबांस वाटूं लागलें कीं आपणच वेड्या, आईपणानें डोकें फिरलें, भिंत साधी भिंतच असेल.

पाडव्याचा दिवस उगवला. गुढी उभी राहिली, शपथ कधींच विसरलेल्या महाराजांनीं मोहोर हातांत घेतली. राणीसाहेब कन्येस घेवोन निघणार, तों आक्कासाहेबांनीं जातां जातां भिंतीस शेवटची थाप मारिली आणि हात तोंडाकडे नेला. राणीसाहेबांनीं सवयीनें हात धरिला; कारण तोंडांत काय जातें हें पाहिल्यावांचून त्या कांहीं जाऊं देत नसत. तळवा उघडून पाहतात तों केशरी. मग राणीसाहेब चालत नव्हे, धांवत दरबारांत आल्या आणि म्हणाल्या, "महाराज, थांबा! पाणी मुरविणारा सांपडला."

"शाबास! कोण तो हरामखोर?"

राणीसाहेबांनीं आक्कासाहेबांचा तळवा वर धरिला. आक्कासाहेबांस वाटलें टाटा करावयाचा आहे. त्यांनीं दरबारास केशरी हातानें टाटा केला. दरबारानें तळव्याकडे पाहिलें, मग महाराजांकडे पाहिलें. महाराजांच्या कानामागें रंगपंचमीचा केशरी अजून निघालेला नव्हता. अंतोपंतांच्या मिशीचा पीळ सुटला. फुलाजीशेट म्हणाले, "मुहूर्त टळतो आहे, महाराज," आणि महाराज मोहोर उचलून म्हणाले, "छे! एवढ्याशा ओलीनें काय होतें?" हे शब्द तोंडांतून निघतात न निघतात तों आंतून धडाड आवाज आला. सर्व धांवत गेले. पाहतात तों भिंतीचा गिलावा विटांपर्यंत सुटोन खालीं आला आहे, पाळण्याचा एक पाय मोडला आहे, आणि पाळण्यांत, बरोबर आक्कासाहेबांच्या जागीं, थोरले महाराज चौकटीसह आडवे, दाढी वर करून निजले आहेत. महाराजांनीं पाळण्याकडे पाहिलें, कडेवरच्या कन्येकडे पाहिलें, आणि हातांतली मोहोर खालीं पडली ती त्यांस कळली नाहीं. थोरल्या बाईसाहेब तेवढ्या म्हणाल्या, "अंगाई म्हणा रे कोणी. फार दिवसांनीं डोळा लागलाय."

मग शपथेप्रमाणें झालें. महाराजांनीं स्वहस्तें न्हाणीघराच्या फरश्या उखडिल्या. मोरीच्या तोंडाशीं बोटभर भेग निघाली. गवंडी म्हणाला, आज सांधा भरतों, उद्यां रंग देतों. राणीसाहेब म्हणाल्या, भिंत वाळल्यावांचून रंगाचें नांव नको. सबंध चैत्र भिंत उघडी ठेविली, आक्कासाहेबांस पूर्वेकडील कोरड्या दालनांत नेलें, तेथें खोकला थांबला. भेगेंत चुना, गूळ आणि बेलफळाचा रस घोटून भरिला, मग मोरी बंद करून न्हाणीघरांत पाणी तुंबवून ठेविलें, आणि खालीं छतास थेंब आला नाहीं तेव्हांच फरशी बसविली. महाराज चुन्यानें पांढरे होवोन म्हणाले, "राणीसाहेब, एका मोरीचें इतकें?"

"नव्या गडावर न्हाणीघरें किती होतीं, महाराज?"

"चित्रांत तीस."

"म्हणजे मोऱ्या तीस."

महाराज जेथें होते तेथेंच घमेलें उपडें करून बसले आणि पाणी मागितलें. पिण्याचें.

पुढील पाडव्यास फुलाजीशेट पुन्हा आले, नवें चित्र घेवोन. यंदा तळीं दोन होतीं. महाराजांनीं राणीसाहेबांकडे पाहिलें, आणि कांहीं बोलणार तों आक्कासाहेब, ज्या आतां पायांवर चालत, त्या थेट चित्राजवळ गेल्या आणि भर गडावर थाप मारिली. ढब. महाराज म्हणाले, "शेट, पोकळ आहे," आणि दरबार बरखास्त झाला.

तात्पर्य इतकेंच. नवा गड घ्यावासा वाटलाच तर भर पावसांत जाऊन पाहावा, चित्रांतलें तळें हिशेबांत धरूं नये, आणि त्याआधीं राहत्या घराची भिंत हातानें वाजवून पाहावी. हात लहान असला तर फारच उत्तम. व्यय संपला, पुढलें साल सर्वजित्, तेंही आलें आणि गेलें. महालाची भिंत अद्यापि टण वाजते. राणीसाहेब तरी रोज एकदां वाजवून पाहतात.