भस्मगरुडाचा नवा अल्बम आणि गोंदाजी शेलारांचे कान

॥ श्रीनादभैरव प्रसन्न ॥

ज्याच्या एका हुंकारे डोंगराचे कडे ढासळतात आणि शेजारीपाजारी धडाधड खिडक्या लावून घेतात, त्या दैवतास दंडवत घालून, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, भृगुवासरी, हेवी मेटलचे राज्यात जे वर्तमान जाहले ते घडले तैसे लिहिले असे. हे राज्य नकाशात नाही, कोणी धुंडू नये. येथील रयत बारमाही काळा टी-शर्ट घालते आणि त्यावर कवट्या, हाडे, जळते किल्ले असे काहीबाही असते, आणि केस ज्यांचे उरले ते मानेखाली राखतात. गिटारींचा गजर आणि ड्रमांचा भडिमार हेच त्यांचे अन्न. परमुलखीचे लोक म्हणत, "हे काय गाणे? भांड्यांचे दुकान जिन्यावरून गडगडले!" परंतु रयत मोठी सालस, मुंगी वाटेत आली तर वळसा घालून जाणारी. भांडण म्हणाल तर आपसांतच, आणि तेही कोणता ब्यांड थोर एवढ्याचवरून.

राज्याची सभा दर शुक्रवारी सगुणाबाई घोरपडे यांचे गच्चीवरील खोलीत भरे, कारण पुरुषभर उंचीचा स्पीकर एका बाईंपाशीच होता. तेथे दहा-बारा असामी चटईवर बसत आणि मग मसलत चाले, की लोखंडी घुबड या ब्यांडाने नवा ड्रमवाला ठेविला तो टिकतो की पळतो, आणि शवघंटेचा अल्बम फाल्गुनात येणार ऐसी बातमी आहे ती खरी की हूल, आणि त्याच्या मुखपृष्ठावर पुन्हा कवटीच असेल की या खेपेस काही निराळे. सभेत वडील म्हणजे गोंदाजी शेलार, वय साठीचे, केस पांढरेशुभ्र पाठीवर रुळणारे. त्यांचे समोर त्र्यंबकपंत दामले, डोईस केस एक नाही, जिभेस हाड नाही. भस्मगरुड हा दोघांचाही आवडता ब्यांड, आणि वैरही त्यापायीच. चौदा वर्षांमागे ब्यांडाचा जुना गवई सोडून गेला आणि नवा आला, तेव्हा पंत म्हणाले, "झकास!" आणि गोंदाजी म्हणाले, "हा गातो की दाढ ठणकते म्हणून कण्हतो?" मग सहा महिने उभयतांत बोलणे नव्हते, तरी बसत एकाच चटईवर.

आता त्याच भस्मगरुडाचा अल्बम चौदा वर्षांनी त्या शुक्रवारी यावयाचा होता. अवघे राज्य हर्षले, परंतु गोंदाजींस धास्ती पडली. कारण चैत्रापासून त्यांचा उजवा कान गेला होता आणि श्रावणापासून डावा. आधी झांजा गेल्या, मग गिटारी गेल्या, मग माणसे गेली. डॉक्टरांनी कानातले यंत्र दिले, ते लावून गिटार ऐकिली तो पत्र्यावर खिळा ओढावा ऐसा नाद आला, म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवून दिले आणि कोणापाशी ब्र काढिला नाही. सभेत दुसऱ्याचे ओठ पाहावे, हसले तर हसावे, आणि अडले तिथे "छ्या, जुने ते जुने!" म्हणावे, एवढ्यावर चार महिने निभावले. मनी म्हणत, "हे कळले तर मला चहा देतील, पाठीमागे उशी देतील, पण भांडेल कोण माझ्याशी?" हेच त्यांचे खरे दुःख होते.

आणि राज्याचा रिवाज कडक. नवा अल्बम कोणी घरी चोरून ऐकावयाचा नाही. सर्वांनी एके ठायी, डोळे मिटून, अवाक्षर न बोलता, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकावा, मान मात्र यथेच्छ हलवावी. मग वडील असामीने पहिले मत द्यावे आणि इतरांनी ते खोडावे. गोंदाजींनी आठ दिवस खलबत करून मत आधीच तयार केले, की "पहिल्या दोन अल्बमांची याला सर नाही." हे मत या राज्यात आजवर कधी खोटे पडलेले नाही. डोळे मिटलेले, तेव्हा मान चुकली तरी पाहतो कोण, ऐसा हिशेब करून ते काळा टी-शर्ट इस्त्री करून सभेस दाखल जाहले.

तिसरे प्रहरी बाईंनी अल्बम सुरू केला. गोंदाजींच्या छातीत काहीसे घुमले, दूर कोठे ट्रक जावा तितके, आणि त्यांनी देवाचे नाव घेऊन मान हलवण्यास आरंभ केला. पहिले गाणे गेले, दुसरे गेले, आणि तिसऱ्यात सगुणाबाईंना ऐसे स्फुरण चढले की त्यांचा पाय स्पीकरच्या वायरीत अडकला आणि वायर निघाली. आवाज ठार बंद. सर्वांनी डोळे उघडले आणि पाहतात तो गोंदाजी एकटे, डोळे मिटून, पांढरे केस उडवीत, मान हलवीतच आहेत. खोलीत त्यांच्या टी-शर्टाची सळसळ तेवढी ऐकू येत होती. शेवटी पंतांनी त्यांच्या खांद्यास हात लाविला, तेव्हा डोळे उघडले आणि सुटलेली वायर दिसली, आणि सर्व समजले.

गोंदाजी म्हणाले, "श्रावणापासून ऐकू येत नाही मला. फसवले तुम्हाला. चुकलो." आणि उठून चपला शोधू लागले. तेव्हा सगुणाबाई दारात आडव्या जाहल्या आणि ओठ स्पष्ट हलवून म्हणाल्या, "शेलारकाका, बसा गपचूप. माझ्या घरातून अर्ध्या अल्बमातून कोणी उठलेला नाही आजवर." मग त्यांनी काकांना हाताला धरून स्पीकरला पाठ लावून बसविले, त्यांचे दोन्ही तळवे स्पीकरखालच्या फळीवर ठेविले, आणि वायर खोचून अल्बम पुन्हा पहिल्यापासून लाविला.

मग काय सांगावे! ड्रम तळव्यांतून शिरले ते मनगटात आले, कोपरात आले, पाठीच्या मणक्यांतून खाली उतरले. गिटार नव्हती, गवई नव्हता, झांजा नव्हत्या, परंतु भस्मगरुडाची चाल होती, तीच ती, चौदा वर्षांनी भेटलेली. गोंदाजींचे डोळे वाहू लागले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. अल्बम संपला आणि सर्व त्यांचेकडे पाहू लागले. आठ दिवस घोकलेले मत ते साफ विसरले आणि म्हणाले, "पाचव्या गाण्यात मधोमध ड्रमवाल्याने हात आवरला. तो कचरला. गाणे तिथे पडले."

तो सभा एकमुखे म्हणाली, "वाहवा! अगदी खरे काका! अचूक!" जे लोक ताटातल्या लोणच्यावरून तंडतील, त्यांतील एकानेही हू का चू केले नाही. सगळे माना डोलावीत होते आणि हसत होते, जसे आजाऱ्यापाशी हसतात. एकाने उशी आणिली. गोंदाजींनी ती उशी पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. ज्याचे भय होते तेच पुढ्यात येऊन ठाकले.

इतक्यात त्र्यंबकपंत चटईवरून सरकत सरकत आले, गोंदाजींचे नाकासमोर बसले, आणि तोंड हे एवढे उघडून म्हणाले, "साफ चूक!"

सभा हबकली. "अहो पंत, जरा बघा तरी," बाई कुजबुजल्या.

"काय बघू? यांना बुद्धी कधी होती?" पंत म्हणाले, आणि मग गोंदाजींची मांडी हाताशी घेऊन तीवर पाचवे गाणे वाजवू लागले. धडधड धडधड, मग हात वर राहिला, मग एकच धड. "कचरला नाही तो! मुद्दाम थांबला! ही थांबण्यातलीच गंमत, कळतेय का?"

गोंदाजींची मुद्रा लाल जाहली, आणि त्यांनी पंतांची मांडी ओढून तीवर दणादण तेच गाणे आपल्या परीने वाजविले. "थांबला तर परत येताना उशीर का केला? हे पाहा! इथे! अर्धा ठोका मागे पडलाय, मेल्या, अर्धा!"

"अर्धा नाही, पाव!"

"तुझा गवई कण्हतोय आणि ड्रमवाला पेंगतोय!"

"गवई ऐकू तरी आला का तुला?"

"नाही!" गोंदाजी गरजले. "तेवढेच बरे जाहले बघ!" आणि खो खो हसू लागले. मग पंतही हसले आणि मग अवघी सभा तुटून पडली, आणि जो तो आपले मत दुसऱ्याच्या मांडीवर ठोकून सांगू लागला. उशी कोणी कोठे भिरकावली ते आढळात आले नाही. दिवेलागणीस पंत उठता उठता म्हणाले, "फाल्गुनात शवघंटा येतेय. तेव्हा बघतो तुला." गोंदाजींनी ओठ नीट वाचले आणि म्हणाले, "ये तर खरा."

इत्यर्थ इतुकाच, की त्या युद्धात कोणाचा जय जाहला नाही, पाचव्या गाण्याचा वाद अद्याप चालू आहे, दोन्ही सरदारांच्या मांड्या चार दिवस तांबड्या होत्या, आणि गोंदाजी शेलार त्या चारही दिवसांत येईल त्याला आपली मांडी दाखवीत हिंडत होते.