अकरा टक्के भीतीवरील मोहीम

अखंडितनोटामुद्रित, व्याजदरप्रतिपालक थोरली पेढी, मुक्काम शहर ब्युनोस आयरेस, हिचे चरणी विज्ञापना ऐसी जे, मार्च महिन्यात पेढीमागील कोपऱ्यावर जे रण माजले त्याची वार्ता शहरात नाना तऱ्हेने फिरते. कोणी म्हणतो डॉक्टरांनी पीठवाल्यास बदडले, कोणी म्हणतो पीठवाल्याने डॉक्टरांस. तरी खरे वर्तमान एकवार कागदी उतरावे, म्हणोन जे पाहिले, जे ऐकिले आणि जे त्याच मेजावर बसोन खाल्ले, ते येणेप्रमाणे.

राजमान्य राजेश्री डॉक्टर रामिरो एचेगोयेन, उमर वर्षे एकावन्न, हे थोरल्या पेढीच्या अंदाजखात्याचे सरदार. पुढील महिनी महागाई किती होईल तो आकडा यांनी काढावा आणि तो हुजुरांनी, म्हणजे पेढीच्या अध्यक्षांनी, जाहीर करावा, ऐसा शिरस्ता. त्यांचे मत ऐसे जे, भाव वाढतील हे भय लोकांचे मनी बसते, मग लोक आधीच भाव वाढविती, आणि मग भाव वाढलेच म्हणोन भय अधिक बसते. या मतापायी डॉक्टरांनी एकोणीस वर्षे वेचिली, तीन जाड ग्रंथ लिहिले, डोईचे बहुतेक केस गमाविले; परंतु एकाही दुकानदारास जाऊन विचारिले नव्हते. शेजारचे मेजावर चलनखात्याच्या सरदार डॉक्टर ग्रासिएला वाइन्स्टाइन बसत. यांचे मत उलट: नोटा जादा छापिल्या म्हणजे भाव वाढती, भय वगैरे सर्व बाजारगप्पा. या दोहोंचे युद्ध अकरा वर्षे चालिले होते आणि त्यात उभयपक्षी कॉफी बहुत खर्ची पडली होती.

पेढीमागे दोन्या, म्हणजे त्या मुलखी बाईसाहेब, नेलिदा बोंजोवान्नी यांची खानावळ. बाईंची उमर त्रेसष्ट, दंड भक्कम, जबान त्याहून भक्कम. मांसाची करंजी, जिला त्या मुलखी एम्पानाडा म्हणती, ती बाईंच्या हातची ऐसी जे खुद्द हुजुरांची गाडी दारी थांबत असे. भाव खडूने फळ्यावर लिहिलेला, एकीस आठशे पेसो.

सोमवारी दोनप्रहरी डॉक्टरांची स्वारी नित्याप्रमाणे दाखल जाहली, आणि पाहती तो फळ्यावर नऊशे वीस! तेसमयी खिडकीपाशी डॉन फर्मिन म्हणोन टपालखात्यातील निवृत्त कारकून बसले होते. हे रोज दोन करंज्या घेत आणि तेच त्यांचे दिवसाचे जेवण, हे खानावळीत सर्वांस ठाऊक. ते म्हणाले, “आज एकच दे गं नेलिदा. सकाळी जरा जास्तच खाल्लंय.” आणि एकच खाऊन मग ताटलीतील चुरा बोटाने टिपू लागले. डॉक्टरांनी ते पाहिले. तीन ग्रंथांत हा चुरा कोठेच आला नव्हता. मग उठोन गल्ल्यापाशी गेले.

“नेलिदाबाई, हे काय? एकदम एकशेवीस?”

“पंधरा टक्के, डॉक्टर. टक्केवारी काय तुम्हालाच येते?”

“पण आमचा अंदाज तीन टक्क्यांचा आहे!”

“मग तुमचा अंदाज तळून आणू का? वर लिंबू पिळून देते.”

सारी खानावळ हसली. डॉक्टर लाजेने लाल जाहले, परंतु माघार घेतली नाही. मग बाईंनी फर्माविले ऐसे जे, मांस वाढले, पीठ वाढले; त्या दोघांस रोखावे, मग फळा आम्ही आपल्या हाताने पुसू.

मंगळवारी सकाळी मोहीम निघाली. पुढे नेलिदाबाई एप्रन बांधोन, मागे डॉक्टर वही घेऊन. प्रथम रुफिनो बासुआल्दो खाटकाचे दुकानी मोर्चा लाविला. रुफिनो महाकाय, हाती वीतभर रुंदीचा सुरा. डॉक्टरांनी पुसिले, ठोक बाजारी मांस किती वाढले?

“चार टक्के.”

“आणि तुम्ही घेता पंधरा. चार मांसाचे झाले. उरलेले अकरा कशाचे?”

रुफिनोचा सुरा हवेतच थांबला. तो ओंडक्यावर ठेवोन हळूच म्हणाला, “भीतीचे, डॉक्टर. पुढच्या आठवड्यात आल्दो पीठवाला काय भाव लावेल, पोरांना पास्ता काय भावानं पडेल, मला काय माहीत? म्हणून आधीच घेऊन ठेवतो.”

हे ऐकोन डॉक्टरांचे डोळ्यांत पाणी तरळले. एकोणीस वर्षांचे मत खाटकाने दोन वाक्यांत सांगितले, आणि तेही तळटिपांवाचोन.

मग स्वारी आल्दो पिरोवानो पीठवाल्याकडे वळली. तेथेही हिशेब तोच: चार टक्के गव्हाचे, अकरा भीतीचे. पुसिले की भीती कोणाची, तो आल्दो म्हणाला, “नेलिदाच्या फळ्याची! तिनं आकडा पुसला की मी समजतो, काहीतरी येतंय.”

“अरे बाबा, मी तुझ्या पिठामुळे पुसते!” बाई कडाडल्या.

“आणि मी तुझ्या फळ्यामुळे वाढवतो!”

“पहिल्यांदा कोणी वाढवला?”

“तू!”

हा वाद मागे मागे हटत दोन सरकारे ओलांडोन गेला आणि त्यात आल्दोच्या बहिणीचे लग्नातील केकही आला, परंतु पहिला कोण ते ठरले नाही. डॉक्टरांनी वही मिटली आणि मनी मसलत केली ऐसी जे, तिघे एकमेकांस भिती. तरी तिघांस एका मेजावर बसविल्याविना हा गनीम हटणार नाही.

बुधवारी चार वाजता, खानावळ रिकामी असता, तह मांडिला. माते म्हणोन त्या मुलखीचा कडू पाल्याचा काढा, त्याचा प्याला हातोहात फिरला आणि कलमे ठरली ती ऐसी: जे खरोखर वाढले तेवढेच घ्यावे; भीतीचे घेऊ नये; मुदत तीस दिवस. सर्वांस कलमे पसंत, परंतु पहिली सही कोणी करीना. मग डॉक्टरांनी तीन कागद केले आणि हुकूम दिला की तीन म्हणताच सर्वांनी एकसमयी सही करावी. एक, दोन, तीन म्हणाले. तो तिघेही लेखण्या उचलोन एकमेकांकडे पाहत बसले!

“काय बघता?” डॉक्टर ओरडले.

“हे दोघं करतात का ते बघतोय,” रुफिनो म्हणाला.

“डोळे मिटा सगळ्यांनी!”

मग डोळे मिटोन सह्या जाहल्या. रुफिनोची निम्मी सही मेजावर उमटली, ती आजही तेथे आहे. नेलिदाबाईंनी फळा पुसोन आठशे तीस लिहिले, आणि गुरुवारी डॉन फर्मिन यांनी दोन करंज्या मागविल्या.

पेढीत ही खबर पोहोचताच डॉक्टर ग्रासिएला बहुत हसल्या. “रामिरो, तू करंजीशी तह केलास म्हणे? नोटा छापणं थांबलंय का? नाही ना? मग बघ, आठवडाभरात फुटतो तुझा तह.”

“फुटला तर जेवण माझ्याकडून.”

“नऊशे वीसच्या भावानं हं,” ग्रासिएला म्हणाल्या.

आठवडा सरला, तह टिकला. परंतु बाराव्या दिवशी फितुरी उघडी पडली. नेलिदाबाईंनी पिठाचे पोते खांद्यावर घेतले आणि तेथेच थबकल्या. पंचवीस किलोचे पोते तो खांदा तीस वर्षे ओळखत होता. वजनी घातले, तो चोवीस! खबर कळताच डॉक्टर धावत आले. त्यांनी कागद काढिला, कलमे वाचिली, परंतु वजनाचे कलम घालावयाचे राहूनच गेले होते. ते हवालदिल होऊन खुर्चीत बसले. बाई मात्र पोळपाटाकडे वळल्या. दोनप्रहरी आल्दो जेवावयास आला, तेव्हां त्यास बहुत आदराने बसविले आणि सोनेरी, फुगीर, कडा सुबक मुरडलेली करंजी खाशी पुढे ठेविली. आल्दोने घास घेतला. आत हवा!

“नेलिदा, यात सारण नाहीये!”

“नाही.”

“पण मी आठशे तीस देतोय!”

“मग? भाव कुठे वाढवलाय मी?”

आल्दोने करंजी ताटलीत ठेविली. मग मान खाली घालोन म्हणाला, “गिरणीवाल्यानं धमकी दिली होती, दर वाढवतो म्हणून. मी घाबरलो गं.”

“घाबरलास तर इथे येऊन सांग. पोत्यात नको घाबरूस.”

संध्याकाळचे आत आल्दो एक किलो पीठ स्वहस्ते आणोन देता जाहला, आणि बाईंनी त्यास सारणाची करंजी नजर केली. गिरणीवाल्याची ती निव्वळ धमकीच निघाली. बदडाबदडीची जी अफवा उठली तिचे मूळ ते हेच, दुसरे काही नाही.

महिना भरला, तेव्हां देशाचा आकडा डॉक्टरांचे अंदाजाच्या दुपटीने निघाला. हुजुरांनी बोलावोन कानउघाडणी केली, वर्तमानपत्रांनी चित्रे काढिली. डॉक्टर ग्रासिएला विजयाने बोलल्या, “बघ, मी म्हणत होते ना?” डॉक्टरांनी ते मान्य केले. तरी त्या कोपऱ्यावर तीस दिवस आठशे तीस, यांत एक पेसोचाही फरक जाहला नाही.

एकतिसावे दिवशी डॉक्टर नवीन कागद, नवीन कलमे आणि वजनाचे स्वतंत्र कलम लिहोन खानावळीत गेले. पाहती तो नेलिदाबाई, रुफिनो आणि आल्दो आधीच मेजाभोवती बसोन भांडत होते. सोबत कोपऱ्यावरची भाजीवाली आणि गॅसची टाकी आणणारा, हेही न बोलाविता आले होते. खरोखर किती वाढले ते प्रत्येकाने पावती टाकोन दाखविले, डोळे उघडे ठेवोन सह्या केल्या, आणि फळ्यावर आठशे पन्नास लिहिले. डॉक्टरांस बसावयास खुर्ची उरली नव्हती. कोणी त्यांस काही पुसिलेही नाही. त्यांनी आपला कागद घडी करोन खिशात घातला, उभ्यानेच करंजी खाल्ली आणि बहुत खुशवक्त जाहले.

तेसमयी डॉक्टर ग्रासिएला दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “एक कोपरा, रामिरो. देशात असे किती आहेत, मोजलेस का?”

“नाही.”

“तेच म्हणते मी. हा काही सिद्धांत नव्हे.” ऐसे बोलोन त्या तडक रस्ता ओलांडोन समोरच्या केशकर्तनालयात शिरल्या, आणि त्यांचा आवाज अलीकडे स्वच्छ ऐकू आला: “ए दादा, मागच्या महिन्यात केसांचे वीस टक्के वाढवलेस. त्यातले कात्रीचे किती?”

येणेप्रमाणे एप्रिलचे तिसरे तारखेस, दोनप्रहरी, एक कोपरा फत्ते जाहला आणि दुसऱ्यास मोर्चे लागले. लेखनास आधार पाचही सहीकर्त्यांची जबानी, आणि दोन करंज्या.