तोंडानं चालणारा पंप

आज आबा गार पडणार, याबद्दल महेशच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मखमलाबादच्या त्या झेंडूवाल्या घरात आजवर पंप बटणानं चालायचा. आता तो तोंडानं चालणार होता! आईबापांनी पोरांसोबत बसून कोडिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं, अशा एका क्लासला महेश दर रविवारी लेकीला, आरोहीला, घेऊन जायचा. खरं तर तीच त्याला घेऊन जायची. हा बोलण्यावर चालणारा पंप दोघांनी तिथंच शिकून बनवला होता.

महेशच्या वडिलांना, म्हणजे आबांना, हे मुळीच पटत नव्हतं. "ऐन तोडणीत कसला क्लास? आज तुझं यंत्र चाललं तर ठीक, नायतर रविवारी गपगुमान फुलं तोडायची."

अंगणात बादली, छोटा पंप आणि पाईप मांडून झाला. आबांची बहीण नवसाआत्या सहज भेटायला आली होती, तीही ओट्यावर टेकली.

"चल," महेश ऐटीत म्हणाला. पाईपातून पाणी उसळलं. "बस." पाणी थांबलं. आबांच्या भुवया वर गेल्या आणि महेशला आभाळ ठेंगणं झालं.

"लय भारी रे," म्हणत आत्या उठली. "चला, येते मी."

पंपाला चल काय नि चला काय, सारखंच! पाईप वळवळला आणि आत्याच्या नव्या साडीवर धार लागली.

"आत्या, बसा ना, चहा तरी घ्या," महेशची बायको मनीषा आतून रीतीप्रमाणे म्हणाली. पाणी थांबलं.

"नको गं, भिजले पार. चला..."

परत धार. आपल्याकडे पाहुणा एका दमात निघतो होय? मनीषा बसवायची, आत्या निघायची, आणि पंप बिचारा दोघींचाही मान राखायचा.

"पप्पा, वायर काढा," आरोही ओरडली. महेश धावला, तो चिखलात सपशेल आडवा.

"चल, ऊठ लवकर," आबा खेकसले. आता धार महेशच्या तोंडावर.

"बस!" आबा गरजले. पंप जागीच गप्प झाला.

संपला क्लास, असं समजून महेशनं तोंडावरचं पाणी निपटलं. आबा मात्र पंपाकडे टक लावून बघत होते. हळूच म्हणाले, "चल." पाणी आलं. "बस." गेलं. आबा लहान पोरासारखे खुदकन हसले.

"या घरात माझ्या शब्दासरशी उठणारं-बसणारं हे पयलंच. क्लास बंद व्हायचा नाय."

महेश चिखलातच हरखला.

"आरोहीसंग रविवारी मी जाईन," आबा म्हणाले. "तू फुलं तोड."